ड्रिल कोअर: बॅरलमधून बाहेर पडल्यापासून रॅकवर चढेपर्यंत

कोअर म्हणजे जमिनीत पोकळ बिट फिरवून काढलेला खडकाचा दंडगोल, आणि तो ज्या नळीतून वर येतो ती बॅरल. कोअरला किंमत असते ती दोन गोष्टींमुळे: तो जमिनीत नेमका कुठे होता आणि तिथे कोणत्या अवस्थेत होता. वाटेत फुटलेला ग्रॅनाइट पुन्हा जुळवता येतो. पण खोली लिहिलेला ठोकळा चुकीच्या खणात पडला, किंवा शेल (पापुद्र्यांचा चिकणमातीचा खडक) उन्हात वाळून त्याचे पापुद्रे सुटले, की पुढे कितीही महागडी चाचणी लावा, उत्तर चुकीचंच येणार. म्हणून फिल्म, फॉइल, मेण, ठोकळे, मार्कर हे सगळं बॅरल उघडण्याआधीच हाताशी हवं. गाडी दारात उभी राहील तेव्हा फक्त पट्ट्या ओढायचं काम उरलेलं असावं.

आधी ठरवा: कोणत्या तुकड्याला किती जपायचं

एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डी ५०७९ या मानकात (ते २०१७ मध्ये मागे घेतलं गेलं) खडकाच्या कोअरची काळजी चार पातळ्यांत वाटली होती आणि ती विभागणी अजूनही कामाची आहे. ग्रॅनाइट, बेसाल्ट, क्वार्ट्झाइट, घट्ट चुनखडी यांना चांगली पेटी पुरते. ही साधी काळजी. शेल, पंकाश्म (मडस्टोन), चिकणमातीत रूपांतर झालेला खडक यांचा ओलावा बदलला की गुणधर्म बदलतात, म्हणून ते हवाबंद करायचे. ही विशेष काळजी. ओलाव्याबरोबर धक्के आणि तापमानही सोसत नसेल तर हवाबंद करून शिवाय गादीत बसवायचा, ही अतिकाळजी. आणि जो खडक म्हणवतो पण बोटाने दाबला तर दबतो, त्याला मातीच्या नमुन्याचे नियम लावायचे.

ही निवड अख्ख्या बोअरहोलसाठी एकदाच करू नका. दोन लाव्हाथरांच्या मधे अर्ध्या मीटरचा मातकट लाल थर असतो. वरचा-खालचा बेसाल्ट वर्षानुवर्षं उघडा राहिला तरी चालतो, पण लाल थर दुपारपर्यंत तडकतो. शंका असेल तर साधी परीक्षा घ्या. सुपारीएवढा तुकडा पूर्ण वाळवून ग्लासभर पाण्यात सोडा. अर्ध्या तासात तो फुगला, चिरला किंवा त्याचा चिखल झाला, तर त्या थराचा उरलेला कोअर हवाबंदच करायचा.

कोअर बाहेर काढताना

बॅरलवर हातोडा मारून कोअर सोडवणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी सवय. प्रत्येक फटक्याला नवा तडा जातो आणि नंतर तो नैसर्गिक सांधा म्हणून मोजला जातो. आरक्यूडी (खडक किती अखंड आहे याचा टक्का) काढताना १० सेंटिमीटरहून लांब तुकडेच धरतात. त्यामुळे १८ सेंटिमीटरच्या एका तुकड्याचे मधोमध दोन झाले की तो हिशोबातून पूर्ण गायब होतो. पाण्याच्या दाबाने आतली नळी बाहेर ढकला. शक्य असेल तर दुभंगणारी तिसरी नळी वापरा आणि कोअर अर्ध्या पीव्हीसी पन्हाळीत सरकवून तिथेच जुळवा, मोजा, खुणा करा.

कठीण कोअर स्वच्छ पाण्याने आणि ब्रशने धुवा. शेल ओल्या फडक्याने नुसता पुसा. मीठ आणि पोटॅशच्या कोअरला पाणी लावूच नका, कोरडं फडकं वापरा. धातूंचं रासायनिक विश्लेषण होणार असेल तर हातमोजे बदला. ड्रिल रॉडच्या आट्यांना लावतात त्या काही ग्रीसमध्ये जस्त, तांबं किंवा शिसं असतं आणि ते बोटांवरून थेट नमुन्यावर येतं.

खुणांमध्ये सगळ्यात महत्त्वाची म्हणजे वर-खालची दिशा. कोअरच्या लांबीभर दोन समांतर रेषा मारा, एक लाल आणि एक काळी. कोअरचं वरचं टोक वर धरून पाहिलं की लाल रेषा उजवीकडे यायला हवी. तुकडा उलटा झाला तर लाल डावीकडे जाते आणि चूक लांबूनही दिसते. दर तुकड्यावर, मग तो पाच सेंटिमीटरचा का असेना, रेषा पोचली पाहिजे. तेलरंगाचा पेंट मार्कर घ्या. साधा ‘परमनंट’ मार्कर उन्हात काही महिन्यांत फिकट होतो, त्या नावावर जाऊ नका. दिशादर्शी ड्रिलिंगमध्ये तिरक्या बोअरच्या खालच्या बाजूची रेषा वेगळी असते. तिला तिसरा रंग द्या.

पेटी भरणं

पेटी किती मोठी घ्यायची हे वजन ठरवतं. एनक्यू, एचक्यू, पीक्यू ही कोअरच्या मापांची नावं. घनता २.७ धरली तर एनक्यू कोअर (व्यास ४७.६ मिमी) मीटरला सुमारे ४.८ किलो भरतो, एचक्यू (६३.५ मिमी) ८.५ किलो आणि पीक्यू (८५ मिमी) १५ किलोच्या वर. म्हणजे एक मीटर लांबीचे पाच खण असलेली एनक्यूची पेटी रिकाम्या पेटीसकट २८ किलोच्या आसपास जाते. चार खणांची एचक्यूची पेटी ३८ किलोपर्यंत पोचते, तीन खणांची पीक्यूची ५० किलोपर्यंत. पहिली एकटा उचलू शकतो, तरी दोघांनीच उचलावी. एकट्याने उचललेली पेटी अंगाकडे कलते आणि तुकडे दुभाजकावरून शेजारच्या खणात जातात.

खण कोअरच्या व्यासापेक्षा दोन ते चार मिलिमीटरच रुंद असावा. जास्त सैल असेल तर तुकडे गाडीत गोल फिरतात, टोकं एकमेकांवर घासून गोलाई येते आणि सांधे जुळेनासे होतात. मेण लावलेला तुकडा मात्र एका आकाराने मोठ्या पेटीत ठेवावा लागतो: मेणासकट एनक्यू एचक्यूच्या खणात, एचक्यू पीक्यूच्या खणात.

भरायचं पुस्तकाच्या पानासारखं. वरचा डावा कोपरा सगळ्यात उथळ, खालचा उजवा कोपरा सगळ्यात खोल, आणि प्रत्येक ओळ डावीकडून सुरू. नांगरासारखं वळून येणं नको. तशी भरलेली एक पेटी सगळ्या बोअरहोलचा लॉग (थरांची नोंद) संशयात टाकते. दर रनच्या (बॅरलच्या एका खेपेच्या) शेवटी ठोकळा ठेवा आणि त्यावर खोली, रनची लांबी, मिळालेली लांबी हे तीन आकडे लिहा.

समजा १८.५० ते २१.५० मीटरचा रन झाला आणि कोअर मिळाला २.६५ मीटर. गेलेला ०.३५ मीटर कुठून गेला हे कळत असेल (मऊ थर, धुतलेली कड, पाणी परत यायचं थांबलेली खोली) तर तिथेच गहाळ कोअरचा वेगळ्या रंगाचा ठोकळा ठेवा. कळत नसेल तर तो रनच्या शेवटी ठेवा. आता पुढच्या तीन मीटरच्या रनमध्ये ३.१० मीटर कोअर आला, तर वरचा ०.१० मीटर आधीच्या रनमध्ये तळाशी उभा राहिलेला बुंधा आहे. दोन्ही रनची टोकं जुळवून पाहा, जुळली तर तो बुंधा मागे न्या आणि दोन्ही ठोकळ्यांवरचे आकडे दुरुस्त करा. ही दुरुस्ती ड्रिलर जवळ असतानाच होते, आठवड्याने होत नाही.

खणात बसवण्यासाठी तुकडा तोडावाच लागला तर आधी त्या जागेवर दोन्ही बाजूंना जाईल अशी फुली मारा आणि मग तोडा. फुली म्हणजे हा सांधा आम्ही केला, तो मोजू नका.

चुरा झालेला भाग सुटा टाकू नका. तो पन्हाळीतून सरळ उभ्या कापलेल्या पीव्हीसी नळीत सरकवा, नळीचा दुसरा अर्धा भाग वर ठेवा, चिकटपट्टीने बांधा आणि नळीवर खोली व बाण लिहा. रिकामी जागा फोमच्या तुकड्यांनी भरा. वर्तमानपत्र नको, ते ओल शोषतं, दबून सैल होतं आणि त्याला बुरशी येते. झाकण लावण्याआधी कोअर कोरडा आणि ओला असे दोन फोटो घ्या, पट्टी आणि रंगपट्टिका चौकटीत ठेवून. ओल्या फोटोत रंग आणि शिरा दिसतात, कोरड्यात तडे. हवाबंद करायच्या तुकड्यांसाठी मात्र ओला-कोरडा खेळ करायचा नाही, एकच फोटो घेऊन लगेच गुंडाळायचं.

ओलावा कोंडून ठेवणं

इथे घाई करावी. बॅरलमधून बाहेर आल्यापासून पहिली फिल्म चढेपर्यंत १५ मिनिटं हे चांगलं लक्ष्य आहे आणि तेही सावलीत. वारा उन्हाइतकाच वाईट, हे लक्षात राहत नाही.

तुकड्यावरचं मोकळं पाणी टिपून घ्या. मग घट्ट चिकटणारी प्लॅस्टिक फिल्म दोन-तीन वेढे गुंडाळा आणि हाताने दाबत हवा बाहेर काढा. दोन्ही टोकांना फिल्म दुमडून घ्या. कोपरा टोकदार असेल तर तिथे एक जादा पट्टी द्या, नाहीतर तो पुढचे सगळे थर फाडतो. त्यावर अॅल्युमिनियम फॉइल. फॉइल थेट खडकाला लावायचं नाही. खडकातलं खारं पाणी ते खातं आणि सुईएवढी भोकं पडतात. फॉइलवर चिकटपट्टी, त्यावर लेबल: बोअर क्रमांक, वरची आणि खालची खोली, वरच्या टोकाकडे बाण, तारीख. मेण यानंतर.

पॅराफिन मेण आणि सूक्ष्मस्फटिकी मेण निम्मं-निम्मं घ्या. नुसतं पॅराफिन थंडीत ठिसूळ होतं आणि आकसून चिरतं. वितळवायचं ते पाण्याच्या दुहेरी भांड्यात, थेट आचेवर कधीही नाही. दुहेरी भांड्यात मेण १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही, थेट आचेवर ते पेट घेण्याइतकं तापू शकतं. वितळबिंदूच्या पाच ते दहा अंश वर तापमान ठेवा. मेण फार तापलं की तुकड्यावर पारदर्शक, कागदासारखा थर बसतो आणि त्यातून ओलावा निसटतो. फार थंड असलं की थर गुठळ्यांचा होतो आणि आत बुडबुडे राहतात. बरोबर तापमानाची खूण अशी: तुकडा बाहेर काढल्यावर काही सेकंदांत मेण दुधाळ होतं आणि बोटाला चिकटत नाही.

अर्धा तुकडा बुडवा, थिजू द्या, उलटून दुसरा अर्धा बुडवा, मधे दोन-तीन सेंटिमीटर थरावर थर चढू द्या. दुसऱ्या फेरीआधी टोकांभोवती मलमलीच्या पट्ट्या गुंडाळा. आपटल्यावर मेण सगळ्यात आधी कडेला फुटतं. शेवटी तीन ते पाच मिलिमीटर जाडी हवी. एचक्यूच्या २० सेंटिमीटर तुकड्याला चार मिलिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे १८० ग्रॅम मेण लागतं, भांड्यात उरणारं वेगळं. लेबल मेणाच्या आत गेलं, म्हणून बाहेरही एक लावा.

आता त्याचं वजन करा आणि लेबलवर लिहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. तो २० सेंटिमीटरचा एचक्यू तुकडा शेलचा असेल, ओलावा ८ टक्के असेल, तर दीड किलोच्या वर वजनात पाणी जेमतेम ११५ ते १२० ग्रॅम असतं. पोचल्यावर वजन पाच ग्रॅम कमी भरलं तर चार टक्के पाणी उडून गेलं आहे आणि कुठेतरी भोक आहे. एक ग्रॅम दाखवणारा काटा एवढ्या कामाला पुरतो.

मेणाऐवजी फॉइलच्या थराच्या उष्णतेने बंद होणाऱ्या पिशव्याही चालतात आणि काम झटपट होतं. नाजूक तुकड्यावर मात्र पूर्ण निर्वात ओढू नका, पिशवीच त्याला चिरडते. आणि शेलभोवती ओलं फडकं गुंडाळू नका. हेतू चांगला असतो, पण खडक ते पाणी पितो, फुगतो आणि वेगळ्याच अवस्थेत प्रयोगशाळेत पोचतो.

काही कोअरांचे हट्ट वेगळे असतात. पाणी धरलेला घट्ट खडक गोठवायचा नाही, कारण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि नवे तडे जातात. सुटी तेलवाळू मात्र लायनरसकट (बॅरलमधल्या अस्तराच्या नळीसकट) कोरड्या बर्फात, म्हणजे उणे ७८.५ अंशांत, गोठवूनच हलवतात आणि एकदा वितळली की पुन्हा गोठवत नाहीत. वायूचं प्रमाण मोजायचा कोळसा बाहेर येताच हवाबंद डब्यात जातो. पेटीत ठेवलेल्या कोळशातला मिथेन केव्हाच गेलेला असतो. हॅलाइट, म्हणजे खनिज मीठ, ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर पाणी ओढून विरघळायला लागतं आणि कार्नालाइट हे पोटॅशचं खनिज त्याच्या बरंच आधी, म्हणून त्यांना सिलिका जेलसकट बंद पिशवी. मातीचे नमुने घेतलेल्या पातळ भिंतीच्या नळ्यांत दोन्ही टोकांची दोन-तीन सेंटिमीटर विस्कटलेली माती काढा, चकती ठेवून मेण ओता, टोपी लावा आणि नळी जमिनीत होती तशीच उभी न्या. आडवी नेली तर मऊ माती बसते आणि वरच्या कडेला पोकळी तयार होते.

पॅलेट आणि गाडी

एक मीटर खणाची पेटी बाहेरून १.०५ ते १.१० मीटर भरते. तयार मिळणारा एक मीटर रुंदीचा पॅलेट त्यामुळे कमी पडतो, पेटीची टोकं बाहेर राहतात आणि फोर्कलिफ्टचा पहिला धक्का तिथेच बसतो. १.१ × १.२ मीटरचा पॅलेट बनवून घ्या. त्यावर ३० सेंटिमीटर रुंदीच्या एनक्यूच्या चार पेट्या एका थरात बसतात. आठ थर म्हणजे ३२ पेट्या, साधारण ९०० किलो. त्याहून जास्त चढवू नका. प्रत्येक पेटी खालच्या पेटीच्या कडांवर बसली पाहिजे. आडव्या-उभ्या रचनेत वजन झाकणाच्या मधोमध येतं आणि झाकण वाकून कोअरवर टेकतं.

सगळ्यात वरच्या थरावर प्लायवुड ठेवा, कोपऱ्यांना पट्ट्या द्या आणि दोन्ही दिशांनी दोन-दोन पॉलिएस्टर पट्ट्या ओढा. पोलादी पट्टी प्लॅस्टिकच्या पेट्या कापते आणि लाकूड आकसलं की सैल पडते. लाकडी पेट्या असतील तर दुसऱ्या दिवशी पट्ट्या पुन्हा ताणा. झाकणांना स्क्रू वापरा, खिळे नकोत. खिळा ठोकताना खालच्या कोअरलाही मार बसतो. गुंडाळायची प्लॅस्टिक फिल्म कोरड्या पेट्यांवरच. ओल्या लाकडावर चढवली तर आठवड्यात बुरशी येते आणि कागदी लेबलं वाचता येत नाहीत.

गाडीत पॅलेट एकाच थरात, चाकांच्या कण्यांच्या मधल्या भागात ठेवा. मागच्या टोकाला उसळी सर्वाधिक असते. खण गाडीच्या दिशेला आडवे ठेवा. गाडी करकचून थांबली तर प्रत्येक तुकडा शेजारच्या दुभाजकावर रेलतो. खण गाडीच्या लांबीच्या दिशेने असतील तर अख्खी मीटरभर ओळ पुढे सरकून शेवटचा तुकडा चिरडते. अतिकाळजीचे तुकडे वेगळ्या खोक्यात, सगळीकडून किमान पाच सेंटिमीटर फोम देऊन न्या.

यादी तीन प्रतींत करा: एक चालकाकडे, एक पहिल्या पेटीत झाकणाखाली, एक आधीच पोचवलेली. यादीत पेटीचा क्रमांक, खोली, वजन आणि सीलचा क्रमांक हवा. ‘३२ पेट्या कोअर’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

सीमा ओलांडायची असेल तर लाकूड आयएसपीएम १५ या कीड रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रक्रिया केलेलं आणि गव्हाच्या कणसाचा शिक्का असलेलं लागतं. उष्णतेची प्रक्रिया म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. प्लायवुडला हा नियम लागत नाही, म्हणून दूरच्या प्रवासाला प्लायवुडच्या पेट्या आणि शिक्क्याचा पॅलेट ही जोडी सोपी पडते. कोरडा बर्फ यूएन १८४५ या धोकादायक मालाच्या क्रमांकाखाली जातो आणि खोक्यातून वायू बाहेर पडायला वाट लागते; हवाबंद केलं तर खोकं फुटतं. तंतुमय सर्पेंटाइन असेल तर ॲस्बेस्टॉसचे नियम बघा, युरेनियम-थोरियमच्या खनिजाचा कोअर असेल तर निघण्याआधी किरणोत्सर्ग मोजा.

रॅकवर

पोचल्या दिवशीच सील, संख्या आणि मेणाच्या तुकड्यांचं वजन तपासा. पेटी पडून सांडली असेल तर लगेच गोळा करू नका. पडली तशीच फोटोत घ्या, मग रेषा, बाण आणि सांध्यांचा आकार यांवरून जुळवा. जे खात्रीने जुळत नाही ते वेगळ्या पिशवीत, ‘जागा अनिश्चित’ असं लिहून. अंदाजाने लावलेला तुकडा हरवलेल्या तुकड्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

रॅकची खालची फळी जमिनीपासून १५ सेंटिमीटर तरी वर हवी आणि पीक्यूच्या पेट्या खालीच. दहा फळ्या, फळीवर चार एनक्यू पेट्या म्हणजे एका खांबणीत सव्वाअकराशे किलो, प्रत्येक पायावर २८० किलो. पायांखाली रुंद पाट्या नसतील तर साधी फरशी फुटते. लेबल पेटीच्या पुढच्या टोकाला लावा. झाकण दुसऱ्याच पेटीवर जातं, पेटीचं टोक कुठे जात नाही. ठसे मारलेली अॅल्युमिनियमची पट्टी दोन स्क्रूंनी बसवली की तो प्रश्न मिटला. बारकोड जरूर लावा, पण त्याच्या शेजारी माणसाला वाचता येईल असा क्रमांकही.

हवा खेळती पण कोरडी हवी. पायराइट आणि त्याहून मार्कासाइट व पायरोटाइट ही लोह-गंधकाची खनिजं असलेला कोअर ६० टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत झपाट्याने सडतो. आधी पांढरी-पिवळी भुकटी दिसते, गंधकाचा वास येतो, मग तयार झालेलं आम्ल पुठ्ठा, स्टेपल आणि लेबल खाऊन टाकतं. असे भाग सुरुवातीलाच नायट्रोजन भरलेल्या बंद पिशवीत घाला आणि बाकीच्या पेट्यांपासून लांब ठेवा. मेणाचे तुकडे पत्र्याच्या तापणाऱ्या छपराखाली नकोत. मेण मऊ होऊन तुकडा स्वतःच्या वजनाने खाली रुततो. समुद्रतळाचा गाळ थंड लागतो. खोल समुद्रातल्या वैज्ञानिक ड्रिलिंगचे कोअर जर्मनीतलं ब्रेमेन, जपानमधलं कोची आणि टेक्सासमधलं कॉलेज स्टेशन इथे सुमारे ४ अंशांवर ठेवलेले आहेत. ते दीड मीटरच्या भागांत कापलेले असतात, वरच्या टोकाला निळी टोपी, खालच्या टोकाला रंगहीन. प्रत्येक भाग उभा चिरून एक अर्धा अभ्यासाला आणि एक अर्धा जपून ठेवायला.

नमुना काढून नेला की त्या जागी तितक्याच लांबीचा फोमचा तुकडा ठेवा आणि त्यावर खोली, तारीख, कोणत्या कामाला नेला हे लिहा. मोकळी जागा तशीच सोडली तर शेजारचे तुकडे सरकतात, आणि पुढच्या वेळी पेटी उघडणारा त्या खणातली खोली दहा-पंधरा सेंटिमीटर चुकीची वाचतो.